सईच्या कॅम्पला मी

रविवार, संध्याकाळ

सईच्या गाईड पथकाला मदतीला पालक हवे होते, म्हणून आज मीही गोराईच्या कॅम्पला गेले. घरी पाल दिसली तरी किंचाळणारी माझी मुलगी! तिथे वाऱ्याने तंबू कोसळला, बाकीच्या मुली रडायला लागल्या. मी दोरी धरायला धावले, तर ही म्हणते, "आई, तू बाजूला हो ना." आणि शांतपणे गाठ मारून मोकळी. तंबू उभा! ती गाठ कधी शिकली? घरी कधी बोलली कशी नाही? अजून ती गाठच डोळ्यांसमोर आहे.

परत येताना विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ का गं?"

जरा विचार करून म्हणाली, "ये. पण दुसऱ्या तुकडीत."

लगेच हो म्हटलं. लांबून तरी बघायला मिळेल, ही आहे तरी कोण.