दगडाबरोबर आलेला

प्रिय प्रणाली,

टँक शाबूत आहे आणि दोन्ही केशरी मासे जिवंत आहेत. हे आधी लिहिते, कारण पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला आधी तीच शंका आली असेल. हातात फोन असताना आई पत्र का पाठवतेय? फोनवर लिहिलं की दोन निळ्या खुणा उमटतात आणि मग मी त्या खुणांकडेच बघत बसते. कागदाला तसं काही नसतं. तुला हवा तेवढा वेळ घे.

जूनमध्ये तू कोचीला गेलीस, तेव्हापासून आपण काय काय बोललो ते मी परवा मागे जाऊन वाचलं. 'जेवलीस का?' 'हो.' 'बरी आहेस ना?' 'हो.' पण टँकमधल्या समुद्री दगडाच्या भोकातून डोकावणाऱ्या त्या गुलाबी केसाळ किड्याचा फोटो पाठवला, तर तुझं उत्तर सात ओळींचं. उरलंसुरलं खातो, राहू दे, हात लावू नकोस, केस बोटात घुसतात. काचेवर नखाएवढ्या पांढऱ्या चांदण्या दिसल्या, त्यांना पाच ओळी. आणि फुलासारखा दिसणारा तो तपकिरी, पारदर्शक जीव उगवला तेव्हा, 'आई, ते तोडू नकोस हं, एकाचे दहा होतात.' त्या 'हं'वर मी दोन दिवस काढले. मग सवयच लागली. शाळेतून आले की पर्ससुद्धा खाली न ठेवता भिंग घेऊन दगडासमोर बसायचं, काही अनोळखी दिसतंय का बघायचं. खरं तर मला प्राणी नको होता गं, तुझ्या सात ओळी हव्या होत्या.

म्हणूनच सप्टेंबरअखेर शंख मरायला लागले ते तुला कळवलं नाही. आधी एक, मग आठवड्यात तीन. काचेवरचं शेवाळ खाणारे तुझे गरीब शंख तळाशी उताणे पडलेले. त्याच सुमारास तो आवाज सुरू झाला. टिक. जणू कुणी आतून काचेवर नखाने टिचकी मारतंय. संध्याकाळी वह्या तपासताना टिक झालं की माझा लाल पेन थबकायचा. आवाज यायचा तो मधल्या मोठ्या दगडातून. प्रथमेशने आणलेल्या. आठवतं ना, भाऊच्या धक्क्यावरून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, लाँचमध्ये मांडीवर धरून त्याने तो रेवसपर्यंत आणला होता? त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि तू दारातूनच ओरडलीस, 'दगड कोरडा नाही ना पडला?' त्याची चौकशी नाहीच. तो हसत म्हणाला, 'काकू, बघा, आपली किंमत दगडापेक्षा कमी.' मार्चनंतर तो घरी आला नाही. आवाज त्याच दगडातून येतोय हे कळल्यावर मला जरा बरंच वाटलं, हेही लिहून टाकते. म्हटलं, बघा, हे संकटही त्या मुलाबरोबरच आलं होतं.

तुझ्या त्या मत्स्यप्रेमींच्या ग्रुपवर मी नाव न सांगता विचारलं. पाच जणांनी पाच मिनिटांत सांगितलं की ठोसे मारून शंख फोडणारा, कोळंबीसारखा मँटिस आहे, तो काचही फोडेल, दगड बाहेर काढा आणि भोकात उकळतं पाणी ओता. गेल्या रविवारी सकाळी मी दगड बादलीत काढला. गॅसवर पातेलं ठेवलं. पाणी उकळलं, मी फडक्याने पातेलं धरलं आणि तेवढ्यात कृष्णाबाई मासे घेऊन आली. टोपली ओट्यावर ठेवून बादलीत डोकावली. म्हणाली, 'काय मॅडम, आज दगडाची आमटी काय?' मी सगळं सांगितलं. तिने भोकाशी बोट नेलं, तर टिक! हात मागे घेऊन ती हसायला लागली. 'ही तर कोलंबीच्या जातीतली हाय. एक नांगी मोठी बघा कशी. टिचकी मारती नुसती. आमच्या जाल्यात रोज येती. हिच्यानं शंख फुटतोय व्हय?' मग तिने मेलेले शंख मागितले. मी डबीत जपून ठेवले होते. चारही अख्खे. एकालाही चरा नव्हता. मी रोज भिंग घेऊन बसणारी, पण ते शंख उलटून पाहायचं मला सुचलं नव्हतं. कुणाला दोष द्यायचा ते माझं ठरून गेलं होतं.

मग तिने टँकमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. तिचं माहेर पेणकडचं, मिठागरातलं. तिचा चेहरा एकदम बदलला. 'मॅडम, ह्यात काय वतता तुम्ही? ह्या पान्यात आता मीठ पडायचंच बाकी हाय.'

काय ओतत होते, सांगते. तू काचेवर चिठ्ठी चिकटवून गेली होतीस, उडालेलं पाणी फिल्टरच्या पाण्यानेच भर. मला ते पटलं नाही. समुद्रातले जीव, आणि त्यांना ते बेचव, धुतलेलं पाणी? समोर एवढा समुद्र असताना? म्हणून रोज पहाटे फिरायला जाताना दुधाची किटली न्यायची, किनाऱ्यावरून भरून आणायची, फडक्याने गाळायची आणि ओतायची. चार महिने, एक दिवस न चुकता. कृष्णाबाई म्हणाली, 'पानी उडतं बाय, मीठ कुठं उडतं?' तिच्या माहेरच्या लहान पोरांना जे कळतं, ते पंचवीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कळलं नाही. बाष्पीभवनाचा धडा दरवर्षी मीच घेते. शंख मी मारले, प्रणाली. मायेने, किटली किटलीने.

पातेल्यातलं पाणी मोरीत ओतलं. दगड जागेवर ठेवला. तुझ्या वहीत लिहिलंय की खारटपणा एकदम उतरवायचा नाही, जीव धक्क्याने मरतात. म्हणून आता रोज थोडं थोडं गोडं पाणी घालतेय आणि चष्मा लावून तुझ्या यंत्रावरचा आकडा बघतेय. मासे अजून नीट खात नाहीत. वाचतील का, ठाऊक नाही.

आणि आता ते, ज्यासाठी कागद घेतला. मार्चमध्ये प्रथमेश तुला आपणहून सोडून गेला नाही. कोचीहून तुझ्या निवडीचं पत्र आलं आणि तू म्हणालीस, 'बघू, जाईन की नाही,' त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला रेवसच्या जेटीवर गाठलं. तू असलास तर ती जाणार नाही, असं म्हटलं. तुझा फोन उचलायचा नाही अशी शपथ घातली. त्याने एवढंच विचारलं, 'ती विचारेल तेव्हा काय सांगू, काकू?' मी म्हटलं, काहीच सांगू नकोस. त्याने शब्द पाळला. तू आटत गेलीस, तुझी उत्तरं 'हो'वर आली, आणि मी म्हणत राहिले, त्या मुलाने माझ्या लेकीचं काय करून ठेवलं बघा. काल मी पुन्हा जेटीवर गेले होते. त्याला शपथेतून मोकळं केलं आणि खरं काय ते तुला मीच लिहीन असं सांगितलं. त्याचा नंबर तोच आहे. तो काय म्हणाला ते त्याच्याकडूनच ऐक, नाहीतर ऐकूही नकोस. ते आता मी ठरवणार नाही. मला 'हो'सुद्धा लिहू नकोस, मनात येईपर्यंत. मी टँकमध्ये रोज अर्धा मग गोडं पाणी घालत राहीन. हे लिहितानासुद्धा दगडातून टिक झालं, आणि या खेपेस पेन थांबला नाही.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
आई