उपरण्याखालचा शब्द

बारामती, ता. १९ जानेवारी १९५८

ती. सोपानदादास,
रतनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कारखान्याच्या कचेरीत बसून तुझं अक्षर सुधारेल असं वाटलं होतं, पण ते अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे.

इथं व्यापारी मंडळाची सभा झाली. पेठेत गाड्या वळत नाहीत, गोदामं नाहीत, माल दुसऱ्या गावी चाललाय. तेव्हा कालव्याकडची बागायत सरकारनं नव्या बाजारासाठी घ्यावी, असं मंडळाचं म्हणणं. त्यात आपलाही मळा येतो. मामलेदारांनी मळेवाल्यांना हरकत विचारली. शेजारच्या मळ्यातले सावळारामकाका पुष्कळ भांडले. तात्या मात्र आबासाहेबांशेजारी गप्प बसून होते. मंडळाचे अध्यक्ष झाले तरी आबासाहेबांनी आपल्या जुन्या मित्राला जवळ बसवून घेतलं, याचं मला बरं वाटलं.

तात्या घरी आले ते खुशीत. आपला मळा कुठं जात न्हाय, म्हणाले, आणि वांग्याची रोपं टाकायला गेले. तू काळजी करू नकोस. वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
रतन

भवानीनगर, ता. २ फेब्रुवारी १९५८

चि. रतनस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या अक्षराला नावं ठेव, पण हे पत्र नीट वाच. काल कामानं इंदापूरला गेलो होतो, तिथं मंडळाचे चिटणीस भेटले. नव्या बाजारासाठी पहिला आपलाच मळा धरलाय, आणि तो आबासाहेबांनी स्वतः सुचवलाय. चिटणीस म्हणाले, सगळ्यांत जुने मळेवाले तुमचे वडील दत्तोबाच काही बोलले नाहीत, मग सावळारामकाकांचं कोण ऐकणार? लेखी हरकतीची मुदतही संपली.

बाजार हलायला हवा हे मलाही पटतं. पण मुरमाड माळ पडून असताना पिकती जमीन कशाला? माळावरून सडक लांब पडते, एवढंच त्यांचं उत्तर. रतन, मेथीच्या जुडीसाठी तासभर हुज्जत घालणारे आपले तात्या त्या दिवशी गप्प का बसले? हळूच विचार. मला रात्री झोप येत नाही. जिवाला जप आणि लगेच कळव.

तुझा,
सोपान

बारामती, ता. ११ फेब्रुवारी १९५८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

आपल्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो आणि शेवटी अख्खा पंजा दाबला की सौदा पक्का. त्यानंतर कुणी बोलत नाही. सभेत मामलेदारांनी हरकत विचारली, तेव्हा आबासाहेबांनी उपरण्याखाली तात्यांचा पंजा घट्ट दाबला. तात्यांना वाटलं, मळा वगळायचा शब्द मिळाला. म्हणून ते गप्प बसले.

मी तशीच आबासाहेबांच्या आडतीवर गेले आणि नको ते बोलले. संध्याकाळी ते घरी आले. उंबऱ्यातच बसले आणि रडले. म्हणाले, दत्तोबा, तुझा मळा माझ्याच तोंडानं मागायचा व्हता, जीव ऱ्हाईना म्हनून हात धरला. तू काय बोलला न्हाईस, मला वाटलं, तू मला माफ केलंस. सडक तिथनंच जाते, दुसरी जागा मंडळ मान्य करत न्हाय, असंही त्यांनी सांगितलं.

मला वाटलं, तात्या आता चिडतील. त्यांनी मला चहा ठेवायला सांगितला.

आबासाहेब गेल्यावर तात्यांनी मला बजावलं, की आबानं फसवलं असं गावात कुठं बोलायचं न्हाय. त्यानं मैतर म्हनून हात धरला, सौदा मीच समजलो. दादा, मला तात्यांचा राग आला, आणि फार वाईट वाटलं.

आज आपली पाण्याची पाळी होती. तात्या नेहमीसारखे मळ्यावर गेले, आणि आपल्या पाटाचं दार बंद करून सगळं पाणी सावळारामकाकांच्या वाफ्यात सोडून आले.

रजा मिळाली तर ये, नाही मिळाली तरी ये. मला एकटीला त्यांच्याकडं बघवत नाही. लोभात अंतर नसावं.

तुझी,
रतन