पालथा पेला

एपर्ने, १७ मार्च

प्रिय क्लोतिल्दताई,

तुझा गुडघा आता बरा असेल, अशी आशा करतो. नाताळपासून तुझं पत्र नाही. इकडे थंडी ओसरली, वेलींची छाटणी आटोपत आली. तुझी सोलेन बरी आहे, माझ्या हाताखाली तळघरात रुळली आहे, नीट जेवते.

परवा सकाळी कामावर जाण्याआधी मी चर्चमध्ये आम्हा द्राक्षमळेवाल्यांच्या संत व्हँसाँपुढे मेणबत्ती लावली. फुंकून विझवली, पुन्हा लावली, पुन्हा विझवली. पाद्रीबाबांना वाटलं, माझं डोकं फिरलं.

त्या दिवशी नव्या शॅम्पेनचं मिश्रण ठरायचं होतं. वोदलें घराण्याची रीत तू विसरली नसशील: चव जमली की तळघराचा प्रमुख बोलत नाही, पेला टेबलावर पालथा घालतो. मग मालकीणबाईसुद्धा तोंड उघडत नाहीत. आधी बाबांनी घातला, नंतर इतकी वर्षं मी. द्राक्षं त्या त्या वर्षाची, चव मात्र घराची, असं बाबा म्हणायचे. गेला उन्हाळा भाजून काढणारा होता, त्यामुळे यंदा ती चव सापडणं अवघड होतं.

मी पेला बराच वेळ नाकाशी धरला. नाताळात तुला सर्दीचं लिहिलं होतं. सर्दी गेली, ताई. वास परत आला नाही. विझलेल्या वातीचाही नाही.

"ओबँ, पेल्यात मासा सापडला का?" तळघरातला म्हातारा गास्तों म्हणाला.

सगळे हसले. ही बाटली तीन वर्षं तळघरात झोपणार. तोवर कुणाला काय कळणार होतं? मी पेला अर्धा वळवलाही.

"थांब मामा," सोलेन म्हणाली. "ही आपली नाही. आपली वाईन आधी दार वाजवते, मग आत येते. ही धाडकन घुसली. खडूच्या भिंतीकडच्या पिंपातली जुनी थोडी घालून बघू या."

घातली. मादाम वोदलें यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि माझ्या पेल्याकडे पाहिलं.

"मला वास येत नाही, मादाम. नाताळपासून," मी म्हणालो.

मग गास्तों पुटपुटला, "तरीच माझ्या मोज्यांवरून तीन महिने बोलला नाहीस."

मी माझा पेला सोलेनपुढे सरकवला. तिने पुन्हा एकदा चाखलं, घाई केली नाही, आणि पेला पालथा घातला. मादाम गप्प राहिल्या.

औषधांचं शिकलेली तुझी पोर मी या तळघराच्या भुयारात गाडली, असं तू म्हणाली होतीस. तू त्या क्षणी तिथे हवी होतीस. तिच्या नाकात बाबा आहेत, ताई.

तीन वर्षांनी ती बाटली उघडेल, तेव्हा माझ्याशेजारी बैस आणि वास कसा आहे ते मला सांग.

बाबांनी मला दिलेल्या तळघराच्या किल्ल्या काल मी तुझ्या लेकीच्या हातात ठेवल्या.

तुझा भाऊ, आता नुसता वेलींचा गडी,
ओबँ