चार विटांची कल्पना

४ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी नवकल्पना प्रमुख. आमच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात आणि चाळीस वर्षं तशीच बनतात. आता कामगारांच्या डोक्यातल्या कल्पना बाहेर काढायच्या, असं साहेबांनी ठरवलंय. माल पाठवणीचं खातं माझ्याकडून काढून साहेबांच्या भाच्याला दिलं. बरोबरच आहे, एका माणसाने दोन मोठी कामं कशी करायची? स्वतंत्र केबिन मिळाली. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत. अजून तीन आहेत.

बायकोने विचारलं, आता हाताखाली किती माणसं? म्हटलं, तसं कुणी नाही, पण तसं बघितलं तर सगळेच. ती भाजी चिरत राहिली.

संकल्प : रोज एक तास फ्लोअरवर फिरणे. रोज इनोव्हेशनवर दहा पानं वाचन.

७ फेब्रुवारी, गुरुवार
कल्पनापेटी बसवली. फॉर्म मी स्वतः तयार केला. चार पानी, सतरा रकाने. त्यामुळे वाचन राहिलं.

फ्लोअरवर भाषण केलं. बिनधास्त कल्पना द्या, म्हटलं. कुणाच्याही कल्पनेमुळे कुणाचीही नोकरी जाणार नाही, हा माझा शब्द. हे साहेबांना विचारलं नव्हतं, पण बोलण्याच्या ओघात आलं. टाळ्या पडल्या.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
पेटी उघडली. एक बटण, एक गोळीचा कागद, एक रजेचा अर्ज. लोक खोलवर विचार करताहेत.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
सुरुवात व्हावी म्हणून पेटीत दोन कल्पना मीच टाकल्या. ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहून. त्यातली एक खरंच चांगली होती, पण आता अक्षर लागत नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
आली! खळीच्या टेबलावरची थोरली आली. त्या टेबलावर दोन जावा काम करतात, अठरा वर्षं. सगळा कारखाना त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. धाकटी पुठ्ठ्याला खळ लावते, उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन देते. थोरली घडी घालून दाबते. धाकटीची कंबर गेलीय. थोरली म्हणाली, भाऊ, तिच्या बाजूच्या पायांखाली दोन-दोन विटा घाला. पुठ्ठा आपला आपण घसरत येईल माझ्याकडे. तिला उचलायला नको की चालायला नको.

तिला लिहिता येत नाही. फॉर्म मी भरला. नाव दिलं 'ग्रॅव्हिटी फ्लो सिस्टीम'. खर्चाच्या रकान्यात 'विटा' बरं दिसेना, म्हणून 'चार युनिट'. सही तेवढी तिला येते. ती तिने सावकाश, जीभ दाताखाली धरून केली.

२८ फेब्रुवारी, गुरुवार
प्रात्यक्षिक. साहेब घड्याळ घेऊन उभे. पुठ्ठे पाण्यासारखे घसरत होते. धाकटी म्हणाली, आज माझ्या कंबरेला सुट्टी. मग साहेब म्हणाले, एकटीने जमतं का बघू. थोरलीला केवढा उत्साह! वीस पुठ्ठ्यांना खळ लावून सोडले, पलीकडे पळाली, वीसच्या वीस दाबले. पुन्हा वीस. अर्ध्या तासात दोघींच्या कामापेक्षा फक्त दोन खोकी कमी. धाकटीने सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

थोरलीला सर्टिफिकेट. फोटोत मी मधे आहे.

४ मार्च, सोमवार
धाकटीचं कार्ड हजेरीच्या फळीवर नाही. चौकशी केली. त्या टेबलाला आता एकच माणूस लागतं, म्हणाले. तात्पुरतं असावं. साहेबांशी बोललं पाहिजे. उद्या पहिलं काम हेच.

५ मार्च, मंगळवार
साहेब खुशीत होते. अशा वेळी विषय काढला तर मूड जातो.

६ मार्च, बुधवार
साहेब भडकलेले होते. आज तर शक्यच नव्हतं.

११ मार्च, सोमवार
थोरली केबिनमध्ये आली. सर्टिफिकेट माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, भाऊ, हे घ्या आणि माझा तो कागद परत द्या. मी समजावलं की मंजूर कल्पना मागे घेता येत नाही, फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही. मग मी विटा काढते, म्हणाली. म्हटलं, विटा आता कंपनीच्या.

ती एका मोडक्या खुर्चीवर टेकली. सांगू लागली : आमच्या दोन घरांत एक भिंत आहे. आठ दिवसांत धाकटी एक शब्द बोललेली नाही. तिची पोरगी रोज सकाळी वेणी घालून घ्यायला माझ्याकडे यायची, तिलाही पाठवत नाही. मला काढा आणि तिला ठेवा. माझे दोन्ही मुलगे कमावते आहेत, तिची पोर अजून शाळेत आहे. मग म्हणाली, शब्द तुम्ही दिला होता.

म्हटलं, मी साहेबांशी बोलतो. बोलाल ना, असं तिने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

१४ मार्च, गुरुवार
साहेबांबरोबर पूर्ण वीस मिनिटं. बोलायला त्यांनीच सुरुवात केली. या तिमाहीत अशा आणखी चार कल्पना हव्यात, टेबलामागे एक. मी तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला. एकूण संवादाची पायाभरणी झाली.

थोरलीला सांगितलं, साहेब विचार करताहेत. हे खोटं नाही. साहेब कसला ना कसला विचार करतच असतात.

२२ मार्च, शुक्रवार
पेटी रिकामी. बटणसुद्धा नाही. मी फ्लोअरवर गेलो की बोलणी थांबतात. माझ्याबद्दलचा आदर वाढलाय.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही पाठवणीत होतात तेव्हा लोक घरी यायचे. मी ताट सारलं. ॲसिडिटी झाली असावी.

३ एप्रिल, बुधवार
थोरलीने नोकरी सोडली. स्वतःहून. सकाळीच ऑफिसात अर्ज देऊन मग माझ्याकडे आली. अर्ज मुलाकडून लिहून घेतला होता. चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. म्हणाली, आता जागा रिकामी झाली. काल धाकटीच्या दारात जाऊन बसले. आधी आतून कडी लावून घेतली तिने, पण शेवटी उघडली. बोलली. उद्या तिला घेऊन येते भाऊ, तुम्ही फक्त तिचं कार्ड फळीवर लावून घ्या.

म्हटलं, नक्की.

शेवटी मार्ग निघालाच. मी घाई केली नाही म्हणूनच.

४ एप्रिल, गुरुवार, सकाळी ९.४०
कार्ड घ्यायला ऑफिसात गेलो. त्या टेबलावर काल दुपारीच कंत्राटदाराचा माणूस लागला. रोजंदारीवर. साहेब म्हणाले, दोन कायम माणसं कमी झाली, तुमच्या कल्पनेने कमाल केली. मी थँक यू सर म्हटलं.

दुपारी १२.१५
केबिनच्या खिडकीतून गेट दिसतं. दोघी बाकावर बसल्या आहेत. थोरली धाकटीचे केस नीट करून देतेय. काहीतरी बोलून दोघी हसल्या.

दुपारी ३.३०
अजून आहेत. जाऊन सांगतो. पण आधी मुद्दे लिहून काढावेत.

संध्याकाळी ५
एकच मुद्दा झाला. मागच्या गेटने, जिथून माल जातो तिथून बाहेर पडलो.

५ एप्रिल, शुक्रवार
पहारेकऱ्याने सांगितलं, दोघी सुटीचा भोंगा होईपर्यंत बसल्या होत्या. नवा माणूस बाहेर आला तेव्हा थोरलीने त्याला विचारलं, बाबा, कुठल्या टेबलावर आहेस? त्याने सांगितलं. थोरली तशीच बसून राहिली. मग धाकटीने तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि दोघींच्या पिशव्या स्वतःच्या खांद्याला लावल्या.

पहारेकरी म्हणाला, दिवसभर तुमचीच वाट बघत होत्या, कुठे होतात? म्हटलं, मीटिंग होती.

मीटिंग नव्हती.