चौकट बसेपर्यंत

मुक्काम वडगाव,
चैत्र वद्य, शके १८६६
तारीख १२ एप्रिल १९४४, बुधवार

राजमान्य राजेश्री यल्लाप्पा अण्णा यांस,

वडगावहून नागोजी भावकू याचा आदरपूर्वक रामराम. आपण, सौ. दुर्गाबाई विहीणबाई व घरची सर्व मंडळी सुखरूप असावीत. आपली कन्या चि. सौ. जयाबाई हिची प्रकृती ठीक आहे. नात अंबू पळू लागली आहे. हट्टाच्या बाबतीत ती आजोळावर गेली आहे, असे माझे मत आहे.

पत्रास कारण घराचे. जोते पूर्ण झाले. गुंडू सुताराने दाराची फणसाची चौकट करून दिली असून ती अक्षय तृतीयेस उभी करण्याचे ठरविले आहे. त्यापुढे भिंती चढतील. माती आपलीच आहे. अडचण आहे ती छपराची. बेळगावच्या वखारींत आढ्याजोगे लाकूड मिळत नाही. जे येते ते लढाईच्या कामाला जाते. आपली वखार लोंढ्यास, जंगलाच्या तोंडाशी. सबब एक आढे व लागतील तेवढे वासे द्यावेत, अशी विनंती आहे. मी आजवर व्याह्याकडे काही मागितले नाही, हे आपण जाणता.

रोख दाम देणे या घडीस जमणार नाही. त्याऐवजी माझा माग घ्यावा. शिसवी आहे, वडिलांच्या हातचा आहे. शहापुरात त्याला आजही गिऱ्हाईक मिळेल.

आपण म्हणाल, ज्या मागासाठी घर बांधायचे तोच विकून छप्पर घालणारा हा कसला शहाणा. आराखडा आपले जावई चि. परशराम याने पलटणीतून लिहून पाठविला, तो मी आपणांस दाखविला होता. पाय खाली सोडून विणायचा खड्ड्याचा माग मधल्या सोप्यात, खिडकी डाव्या हाताला, स्वयंपाकघराचे दार असे की विणता विणता चुलीपाशी बोलता यावे. मागावर छपरात काचेचे एक कौल बसवावे, असे त्याने मुद्दाम लिहिले होते. "आप्पा, तुमचे डोळे आता उजेड मागतात" असे त्याचे शब्द आहेत. ते कौल मी तेव्हाच आणून ठेवले आहे. मागाचे माप आधी साधावे म्हणून जोत्याच्याही अगोदर मी खड्डा खणून घेतला. येणारेजाणारे हसले. शेजारचा अंबाजी म्हणाला, "काय नागोजीकाका, घर बांधतायसा का हीर खणतायसा?" मी त्यास सांगितले, पाणी लागले की पहिली घागर तुझ्या डोक्यावर. आता तो त्या बाजूस पाहतही नाही.

जागेसाठी जुने घर विकले, तेही आपणांस माहीत आहे. हल्ली आम्ही भाड्याच्या खोलीत आहोत. तेथे माग मांडता येत नाही. मांडला तरी सुतावर कंट्रोल आहे. मालकास खोली पावसाळ्यापूर्वी रिकामी हवी आहे. घरकामास परशरामच्या पगारातून दरमहा रक्कम येत असे, ती काही कारणाने थांबली आहे.

वरील वाक्य खोडावे असे मनात आले होते. परंतु पत्रात खोडाखोड करणे मला आवडत नाही. ते तसेच राहू देतो आणि खरे खाली लिहितो.

माघ महिन्यात पलटणीच्या कचेरीतला कारकून मल्लाप्पा स्वतः खोलीवर आला. हातात तार होती. मनुष्य भला आहे, परंतु मराठी त्यास जेमतेम येते. तार इंग्रजी. ती त्याने दोन वेळा वाचली, पागोटे काढले आणि म्हणाला, "सिक्किल्ल, अज्जा." म्हणजे सापडला नाही. इटली देशात एका नदीच्या काठी लढाई झाली. त्यानंतर हजेरी घेतली, त्यात परशराम सापडला नाही.

मी चौथी पास आहे. शब्दांचा अर्थ मला कळतो. जे मुळात नाही, त्याला कोणी सापडले नाही असे म्हणत नाही. सुई हरवली तर ती घरात कोठेतरी असते. मल्लाप्पास मी हेच सांगितले. त्याने मान खाली घातली.

जयाबाई दाराशी उभी होती. तिला मी सांगितले की पलटण हलली आहे आणि नवीन पत्ता सिक्किल्ल. ती बरे म्हणाली व पीठ मळू लागली. आपणांस मी काहीच कळविले नाही. मुलगी आपली आहे. आपणांस कळविणे माझे कर्तव्य होते आणि ते मी केले नाही.

गेल्या आठवड्यात मला कचेरीत बोलाविले. साहेब उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली. नियमाप्रमाणे आता पगाराची रक्कम येणार नाही. मात्र मुलगा मेला असे आम्ही मानतो, अशी बापाने सही दिल्यास ठोक रक्कम मिळेल व सुनेस पेन्शन सुरू होईल. अण्णा, त्या रकमेत आढे, वासे, कौले, सर्व बसते. एक सही केली की घर पुरे होते. मी म्हणालो, चष्मा आणला नाही. चष्मा माझ्या खिशात होता.

आमच्यात चौकट घरच्या सवाष्णीने पुजावी लागते, विधवेने नाही. परशरामची आई वारल्यापासून या घरात सवाष्ण एकच आहे. मी सही केली की तीही नाही. आणि सही केली नाही तर पावसात तिला आणि अंबूला कोठे ठेवू, हे मला समजत नाही. रात्रंदिवस हेच. जोत्यावर जाऊन बसतो आणि खड्ड्याकडे पाहत राहतो. अंबाजीने विहीर म्हटले होते. तसा तो दिसूही लागला आहे.

काल जयाबाईने ताट वाढले आणि समोर बसली. मी लपविलेले सारे तिला ठाऊक होते. म्हणाली, "मामंजी, कन्नड मला तुमच्यापरीस जास्त येतंय. त्या दिशीच कळलं. तुम्ही खोटं बोलून उभं ऱ्हायलासा, म्हणून मी बी गप ऱ्हायले."

मी हातातला घास ताटात ठेवला. मग ती म्हणाली, "सही करा. मी न्हाय म्हणत न्हाय, अंबूला छप्पर पायजे. पर चौकट आदी बसू दे. एकदा कुंकू लावून त्या दारातनं आत जाते. मग काय करायचं ते करा."

भिंती नसलेल्या दारातून, अण्णा.

म्हणून लाकूड मागतो आहे. लाकूड मिळाले तर सही लढाई संपेपर्यंत पुढे ढकलता येईल आणि कदाचित करावीच लागणार नाही. मिळणे शक्य नसेल तर तसे लिहून पाठवू नये. ते वाचण्याची ताकद मजजवळ नाही. तसे असले तरी अक्षय तृतीयेस आपण व विहीणबाई दोघांनी अवश्य यावे. लेकीला माहेरचा चुडा आणावा. या वेळी कोणत्या रंगाचा आणावा, असे कासारासमोर थांबून विचार करू नये. हिरवाच आणावा.

कचेरीतल्या कागदावर अजून न केलेली सही येथे करीत आहे.

परशरामचा बाप व म्हणून आपला व्याही,
नागोजी भावकू