गडग्याबाहेरची डोण

आई, त्या दिवशी तू खोटं बोललीस का, एवढंच मला विचारायचं आहे. तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं, त्याच्या पुष्कळ पुढे मी आले, तरी हा प्रश्न माझ्यापाशी तसाच आहे.

मी कॉलेजातून सुट्टीला आले होते तो उन्हाळा. रेडा रहाट ओढतो आहे, पाणी पन्हळीत पडून पाटाने पोफळींना जातं आहे. वाडीच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडच्या वस्तीतल्या बायका फाटकाशी हंडे घेऊन बसल्या आहेत, कारण विहिरीला हात लावायची त्यांना मनाई. घरातल्या कुणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं, आणि घरातल्या कुणाला वेळ नसायचा. मग त्या पाटाच्या शेपटाशी जाऊन भरायच्या, जिथे आपले कपडे आणि रेड्याचे पाय धुऊन झालेलं पाणी यायचं. त्या वर्षी वस्तीत पटकी शिरली. पाणी उकळून प्यावं, असं मी त्या बायकांना फाटकात उभी राहून ऐकवलं. तू मागून म्हणालीस, "सरपण तू देणार का?" दुसऱ्या दिवशी तू वडिलांकडे मागणं केलंस, की पोफळीचं खोड कोरून एक पन्हळ गडग्यातून बाहेर काढावी आणि पलीकडे दगडी डोण ठेवावी. विहिरीचं पाणी थेट तिच्यात पडेल, कुणी कुणाची वाट बघायला नको.

वडील लगेच हो म्हणाले. गळालेल्या झावळीचाही हिशेब मागणारा माणूस लगेच हो म्हणतो, तेव्हा मला शंका आली. पण माझ्याहून संशयी होती ती आपलं अंगण सारवायला येणारी वस्तीतली म्हातारी. डोण भरून वाहत होती, कावळे तिच्यात आंघोळी करत होते, आणि बायका मात्र पाटाच्या शेपटाशीच. तू पायरीवर बसून म्हातारीला कारण विचारलंस. शेणाचा हात न थांबवता ती म्हणाली, "पानी ग्वाड हाय, वयनी. पन पन्हळीचं त्वांड तुमच्या वाडीत हाय. आज पानी द्याल, उद्या सुपारी सोलाया फुकट बोलवाल. तवा न्हाय कसं म्हनायचं?"

पुढे तिच्याच नातवाला जुलाब सुरू झाले, तेव्हा डोणीतला पहिला हंडा तिनेच भरला. मग सगळ्याच भरू लागल्या. पोर वाचलं.

सुपारीचा हंगाम आला आणि वडिलांनी वस्तीत निरोप धाडला: सोलणीला या, मजुरी मिळणार नाही, इतके महिने आमचं पाणी पिता. एकही बाई आली नाही. मी नाताळच्या सुट्टीत घरी होते. पडवीत गावातले दोन प्रतिष्ठित गृहस्थ पाणी पिऊन पान जुळवत बसले होते, आणि त्यांच्यादेखत वडिलांनी गड्याला पन्हळ उपटायला सांगितलं. तू वडिलांना माजघरात बोलावलंस. मी तांदूळ निवडत होते. तू आवाज चढवला नाहीस.

"उपटा. पण गेल्या उन्हाळ्यापासून या घरातलं प्यायचं पाणी मी बाहेरच्या डोणीतूनच भरते. देवाचंही."

"खोटं बोलतेस."

"मग पडवीतला तांब्या ओतून द्या. का ओतलात, ते मात्र पाहुण्यांना तुम्ही सांगा. मला कुणी विचारलं, तर मी सांगेनच."

वडील घडवंचीवरच्या हंड्याकडे पाहत राहिले. गावाला कळतं, तर आपल्या घरी कुणी पानसुद्धा खाल्लं नसतं. ते बाहेर गेले आणि गड्याला म्हणाले, राहू दे. पुढे बरेच दिवस ते तहान शहाळ्यावर भागवत होते.

प्यायचं पाणी पहाटे सोवळ्यात तूच भरायचीस, इतर कुणी हंड्याला शिवायचं नाही. म्हणजे ज्या सोवळ्याने त्या बायकांना विहिरीपासून लांब ठेवलं, त्याच्याच आडोशाला तू काय करत होतीस, ते बघणारं कुणी नव्हतं. मी पाळत ठेवली. एका पहाटे तू विहिरीवर होतीस. दुसऱ्या पहाटे तू आणि हंडा, दोन्ही मला कुठे दिसला नाहीत.

तू गेल्यावर काही वर्षांनी वस्तीला स्वतःची विहीर मिळाली. ती झाल्यावर आपल्या डोणीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मी विहीर बघायला गेले, तर म्हातारी होती, वाकलेली पण जिवंत. तिने तांब्या माझ्या हातात दिला. मी प्याले. मग विचारलं, आमच्या आईला तुमच्यासोबत डोणीवर पाणी भरताना कधी पाहिलंत का? ती हसली. "आता कशापायी इचारता, ताई? बाटलाव का न्हाय, त्ये बगाया?" रहाटाशी उभ्या असलेल्या बायकाही हसल्या. मी म्हटलं, छे, सहज विचारलं. तिने माझ्या हातातला तांब्या परत घेतला.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायची सोय नाही, ते बरंच आहे. खरंच डोणीतून भरत होते, असं उत्तर तू मला दिलं असतंस तर मला अभिमान वाटला असता. पण अभिमान वाटण्याच्या आधी, क्षणभर, मला काय वाटलं असतं, त्याची मला अजून खात्री देता येत नाही.