चिपडलेली काच

४ ऑगस्ट, सोमवार

आज सकाळी राजूरला उतरून गणपतीचं दर्शन घेतलं आणि मगच जालन्याची गाडी धरली. केदारखेड्याहून येताना राजूर वाटेतच लागतं. पिशवी पायरीवर ठेवली, हात जोडले आणि एकच मागितलं, आईचे डोळे होऊ दे. आईच्या, तुळजाबाईच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. माणूस आता ती आवाजावरून ओळखते. माझं तोंड शेवटचं नीट कधी बघितलं ते तिला आठवत नाही म्हणते. ऑपरेशनची तारीख जालन्यात याच महिन्याची मिळाली आणि मला कामही नेमकं जालन्यातच मिळालं. देवाची कृपा.

गावातला माझा फोटो स्टुडिओ मोबाईलनं बुडवला. तेव्हा जालन्यातल्या मस्तगडच्या संपतशेठनी बोलावून घेतलं. त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं छापतात. दुकानावर माझी खोली, खोलीला बाजाराकडं तोंड करून गॅलरी. शेजारच्या खोलीत ताहेराआपा शिवणकाम करतात, घर त्यांचंच. त्यांनी पहिलीच सूचना दिली, "भागवतभाई, जिने की एक पायरी हिलती, संभालके. हमारे मरहूम उसीच पे गिरे थे. अब्बी तक दुरुस्त नै करे मैं, याद रहती उनकी." गेलेल्या नवऱ्याचं असं सांगून स्वतःच हसल्या.

गॅलरीत स्टँडवर एक लेन्स बसवलेली आहे. मांडीएवढी जाड, हाताएवढी लांब, पांढऱ्या रंगाची, जागोजागी टवके उडालेली. संपतशेठच्या मेव्हण्याचा लोखंडाच्या कारखान्यात भंगाराचा ठेका आहे. कुठूनशा आलेल्या भंगारात ही निघाली. भट्टीत जायची ती वाचली. शेठ म्हणाले, तोफ आहे ही, तोफ. माझं काम एवढंच, गॅलरीत बसून बाजारातल्या लोकांचे चेहरे टिपायचे, त्यांना कळू न देता. गणपतीत शहरातल्या चेहऱ्यांचा मोठा फ्लेक्स लावायचाय म्हणे. "कॅमेऱ्यापुढं उभा राह्यला की माणूस मरतो बघा, नुसतं मुंडकं उरतं. नकळत काढा, मंग जित्ता येतो."

असं काम मी कधी केलं नाही. पण जागा हवेशीर आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

लेन्स जड आहे, पण काय दाखवते! चौकाच्या पार पलीकडं कचरूबाबा लसूण विकत बसतो. इथून तो अंगठ्याएवढा दिसतो. लेन्समधून बघितलं तर दाढीच्या खुंटात अडकलेलं लसणाचं टरफल दिसलं. एका शेळीनं शेजारणीच्या टोपलीतली मेथी ओढली आणि बाबा दात नसलेल्या तोंडानं लहान पोरासारखा हसला. तो फोटो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो असेल.

मग मात्र वाईटच दिसत गेलं. पांढरेशुभ्र कपडे घातलेल्या एका गृहस्थानं नाकात बोट घातलं आणि जिलबीच्या गाड्याच्या कडेला, परातीखाली पुसलं. एका बाईच्या ओठाच्या कोपऱ्यात बसलेली माशी तिच्या लाळेत पाय बुडवत होती. गुटख्यानं सडलेल्या हिरड्या. कानातला मळ काढून त्याचा वास घेणारा माणूस. लांबून हेच लोक किती बरे दिसतात. देव सगळं बघतो म्हणतात. त्याला किळस कशी येत नसेल?

संध्याकाळी भाकर गेली नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी लेन्सवरचं झाकण काढलं तर काचेच्या एका कोपऱ्यात पिवळं काहीतरी वाळून चिकटलेलं होतं. झोपेतून उठल्यावर डोळ्याला येतात तशी चिपडं. पावसाळी हवा आहे, काचेला बुरशी धरते, हे मला माहीत आहे. मऊ फडक्यानं पुसलं. फडकं चिकट झालं, आणि वास असा की बैलाच्या खांद्यावरची चिघळलेली जखम आठवली.

उजेडात धरून आत बघितलं. बारीक तंतू पसरलेत. बुरशी पांढरी असते. हे तंतू लाल आहेत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज अंगारकी. जालन्यातली माणसं पायी राजूरला गेली. मीही जाणार होतो.

चौकात उतरलो तर विजेच्या खांबावर कचरूबाबाचा फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. काल दुपारी लसणाच्या ढिगावरच मान टाकली म्हणे. आणि फोटो माझा. संपतशेठना विचारलं तर ते उलट खूशच. म्हणाले, मेल्यावर घरचे आधार कार्ड घेऊन येतात, त्यात जित्ता माणूस बी मढ्यावानी दिसतो. आपल्याकडं झकास हसरा फोटो तयार असला तर कोण दुसऱ्या दुकानात जाईल? गणपतीचा फ्लेक्स वगैरे काही नाही. म्हाताऱ्या माणसांवर जरा जास्त ध्यान ठेवा, म्हणाले.

गावात मीही मेलेल्यांचे फोटो काढलेत. ज्याचा एकही फोटो नाही त्याला भिंतीला टेकवून बसवायचं, फेटा नीट करायचा, नंतर फोटोवर ब्रशनं डोळे उघडायचे. पण तिथं घरचे हात जोडून बोलवायचे. मी मढ्याच्या पाया पडायचो आणि मगच कॅमेरा हातात घ्यायचो. इथं जिवंत माणसाचं मरण आधीच काढून ठेवायचं आणि गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळायचं. शिसारी आली.

आणखी एक. फोटोत बाबा शेळीकडं बघत होता, मला पक्कं आठवतंय. फ्लेक्सवर तो सरळ माझ्याकडं बघतोय.

१६ ऑगस्ट, शनिवार

सगुणाबाई गेली. देवळाच्या बोळात हार विकायची. परवा तिचा फोटो काढला होता, सुईत दोरा ओवताना, जिभेचं टोक बाहेर काढलेलं. फ्लेक्सवर तिच्याच टोपलीतले हार घातलेत. तीसुद्धा माझ्याकडं बघतेय, जीभ तशीच बाहेर.

काचेवर आज चिपडांचा थर जाड होता. नखानं खरवडून काढावा लागला. खालची काच ओली होती आणि कोमट. ज्या दिवशी कोणी जातं त्या दिवशी थर वाढतो, असं मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली. म्हातारी माणसं मरतात, पावसाळ्यात जास्त मरतात.

आता फोटो काढायचा नाही. गॅलरीत नुसतं बसायचं. शेठना सांगायचं, उजेड नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कॅमेऱ्याची बॅटरी काढून ठेवलीय. पण नुसतं बघायचं सुटत नाही. डोळा आपोआप तिथं जातो. परवा तो पांढऱ्या कपड्यांतला गृहस्थ पुन्हा दिसला. केळं खात होता. मी फक्त बघितलं, बाकी काही केलं नाही.

आज खाली त्याचाच फ्लेक्स छापतायत. घरच्यांनी दिलेला लग्नातला फोटो आहे.

म्हणजे फोटोचा काही संबंध नव्हता. बघण्याचाच होता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

संपतशेठ वर आले. उजेडाचं कारण त्यांना पटत नाही. जाता जाता म्हणाले, "मातोश्री येऊन राह्यल्या ना डोळ्यासाठी? इथून खालून जातील तवा एक झकास काढून ठेवा. पुढं लागतोच की हो, भागवतराव." हसत बोलले. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. दाढेत अडकलेली बडीशेप जिभेनं काढत होते.

मोरीत जाऊन सगळं ओकलो.

परत आलो तर लेन्सचं तोंड खाली बाजाराकडं नव्हतं. जिन्याकडं वळलेलं होतं. आई त्याच जिन्यानं येणार आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

फोडली.

ताहेराआपांचा खलबत्ता मागून आणला. आलं कुटायचंय म्हणालो. फरशीवर लेन्स आडवी ठेवली आणि बत्ता घातला. काच फुटल्याचा आवाज आला नाही. पिकलेलं फळ फुटावं तसा आवाज झाला. आत दुसरी काच नव्हती. कच्च्या अंड्यासारखं दाट, चिकट, लाल तंतू असलेलं काहीतरी फरशीवर पसरलं. ते कोमट होतं. एक शिंतोडा उजव्या डोळ्यात उडाला.

साबणानं धुतला. राजूरचा अंगारा लावला. बाकीचं राखेत कालवून उकिरड्यावर टाकलं. कुत्र्यानं हुंगलं आणि शेपूट घालून पळालं.

वास हाताला आहे. जेवताना घास तोंडाजवळ नेता येत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

उजवा डोळा सकाळी चिकटलेला असतो. कोमट पाण्यानं सोडवावा लागतो. पिवळी चिपडं. तोच वास.

गॅलरीत उभा राहिलो. चौकापलीकडच्या माणसाच्या ओठाची फाटलेली कातडी दिसली. नुसत्या डोळ्यानं.

संपतशेठ लेन्ससाठी भांडायला आले. नमकहराम म्हणाले, आणखी बरंच काही म्हणाले. मी राग गिळून ऐकत उभा होतो, आणि त्यांच्या नाकावरचं एकेक भोक, त्यातली काळी घाण, सगळं वाढत वाढत माझ्या जवळ येत होतं. मी मान खाली घातली. उशीर झाला असेल का—

ताहेराआपा काळजी करतायत. आँखाँ आयेसो दिखते तुम्हारे, म्हणाल्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. पायांकडंसुद्धा नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

संपतशेठ गेले. खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांच्याच मशीनवर त्यांचा फ्लेक्स निघाला. फोटो आधार कार्डावरचा.

आरशात बघितलं. म्हटलं, जायचं तर मीच जातो. पण उजव्या डोळ्याला आरशात मी दिसतच नाही. मागची भिंत दिसते, खुंटीवरचा सदरा दिसतो. मी नाही.

देवा, मी तुला डोळे मागितले होते. पण हे—

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. खाली ढोल. गॅलरीचं दार लावून घेतलंय. मूर्तीकडं बघायची भीती वाटते.

दैवशालेचा, माझ्या बायकोचा, फोन. दोघी जालन्यात पोचल्या. उद्या ऑपरेशन, परवा पट्टी सोडणार. आई म्हणते, डॉक्टरांना सांगा, मला आधी माझ्या भागवतचं तोंड बघायचंय. मग देवाचं.

मी सांगितलं, येऊ नका. डोळे आलेत, साथ आहे, तिला लागेल. दैवशाला रडली. माय हाय ती तुमची, म्हणाली.

पळून जावं तर रस्ताभर माणसं आहेत. एसटीत माणसं आहेत.

२८ ऑगस्ट, गुरुवार

डोळाच काढावा म्हणून चमचा घेतला. नाही झालं. मिटला तरी पापणीतून दिसतं. जिना दिसतो, हलणारी पायरी दिसते—

उपरणं चौपदरी केलं, तेलात भिजवून वर काजळ थापलं, डोळ्यांवर करकचून बांधलं. आता काही दिसत नाही. काळोख.

देवा, सुख आहे यात. आई आहे तोवर हे सोडायचं नाही. ठरलं.

२९ ऑगस्ट

डाव्या बोटानं ओळ धरून लिहितोय. वाकडं जात असेल.

आई आली. दैवशाला खाली औषधाच्या दुकानात थांबली, ताहेराआपांनी हात धरून वर आणली. दाराबाहेरून म्हणाली, भागवता, मला पायऱ्या दिसल्या रे, हलणारी बी दिसली, आता तू दिस. मी म्हणालो, जा. नाही गेली. उंबऱ्यात बसली. कालच डोळा कापलाय, पाणी घेत नाही, भाकर घेत नाही. तू दार उघड मंग जेवते, म्हणे.

पट्टी पक्की आहे. दोनदा चाचपली. म्हणून दार उघडलं.

तिनं दोन्ही हातांनी तोंड कुरवाळलं. म्हणाली, किती पिकला रे माझा लेक. रडली. हसली. आंधळा होऊन काय लिहितो, म्हणाली, माझे डोळे आले तर तुझे गेले का? मी म्हणालो, आई, काहीही झालं तरी पट्टीला हात लावू नको. शपथ घातली. बरं म्हणाली.

पट्टीखालून काहीतरी वाहतंय. कोमट. गालावर आलं. तिला वास आला. पू झालाय बाळा, म्हणाली, असं बांधून ठेवतात व्हय? धुऊन देते.

नको म्हणालो. ती माठाकडं गेली. भांडं वाजलं. पुन्हा ओरडून सांगितलं. ऐकत नाही. मी लहान होतो तेव्हापण ऐकत नव्हती, पदर ओला करून धरूनच—

मागं आली. हात डोक्यावर. गाठ शोधतेय, मी धरलीय एका हातानं, तिचे हात अजून किती जोराचे— सुटली गाठ— आई— न्हाई— मिटलाय मी, घट्ट मिटलाय, पदर ओला आहे, पापणीवरून पुसतेय, चिपडं सुटतायत, आई बाजूला हो, समोर नको, तुझी हनुवटी दिस—